पावणेदोन लाख प्रेक्षकांचा ट्रॅक दहा वर्षांत का बुडाला?

२०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फाँटाना या गावी मोटारींची एक मोठी शर्यत झाली. काइल बुश या चालकाने ती जिंकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो दोन मैलांचा ट्रॅक पाडायला सुरुवात झाली. ट्रॅकच्या जमिनीचा बहुतेक भाग गोदामे बांधण्यासाठी पन्नास कोटी डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला होता. ही बातमी वाचून पुष्कळांना प्रश्न पडला की प्रेक्षक येत असताना, शर्यत टीव्हीवर दिसत असताना, चालता ट्रॅक कुणी पाडतो कशाला?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर फाँटानाहून सुमारे दहा किलोमीटर पश्चिमेला, ओंटारिओ नावाच्या शहरात, १९८० सालीच मिळून गेले होते. (हे ओंटारिओ कॅनडातील प्रांत नव्हे. कॅनडाहून आलेल्या चॅफी बंधूंनी १८८२ मध्ये कॅलिफोर्नियात वसवलेल्या गावाला आपल्या प्रांताचे नाव दिले, इतकाच दोहोंचा संबंध.) ओंटारिओ मोटर स्पीडवे १९७० च्या ऑगस्टमध्ये खुला झाला आणि १९८० च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. त्या काळातील जगातला सर्वांत आधुनिक ट्रॅक असा त्याचा लौकिक होता, आणि तरीही तो जेमतेम दहा वर्षे जगला. तो का मेला हे समजून घेण्यासाठी मोटारींपेक्षा कर्ज, व्याज आणि जमीन या तीन गोष्टी अधिक नीट समजून घ्याव्या लागतात. तरी सुरुवात मोटारींपासूनच करू.

स्टॉक कार आणि तिचा ट्रॅक

फॉर्म्युला वनची गाडी केवळ शर्यतीसाठी घडवलेली असते. तिची चाके उघडी असतात आणि ती रोजच्या रहदारीत कधीच धावत नाही. स्टॉक कारची कल्पना याच्या उलट होती. विक्रेत्याकडे विक्रीला असलेली, कुणीही विकत घेऊ शकेल अशी छपराची मोटार थेट शर्यतीत उतरवायची, असा मूळ नियम होता. पुढे सुरक्षेसाठी आत लोखंडी सांगाडा आला, इंजिने बदलली आणि नाव तेवढे जुने राहिले. या शर्यतींचे नियमन करणारी नॅस्कार ही संस्था बिल फ्रान्स या गृहस्थांच्या पुढाकाराने १९४८ साली फ्लोरिडात स्थापन झाली, आणि हा खेळ प्रामुख्याने अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत रुजला व वाढला.

या शर्यती बहुधा लंबगोल ट्रॅकवर होतात. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिथे रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, जसा घाटातील चांगल्या बांधलेल्या वळणावर असतो. हा कल जितका तीव्र, तितकी गाडी वेग न सोडता वळण घेऊ शकते. बिल फ्रान्स यांनी १९५९ मध्ये उभारलेल्या डेटोनाच्या ट्रॅकवर तो ३१ अंशांचा आहे, तर १९०९ पासून चालत आलेल्या इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर अवघा ९ अंशांच्या आसपास आहे. इंडियानापोलिस हे मुळात उघड्या चाकांच्या, हलक्या गाड्यांचे तीर्थक्षेत्र. जड स्टॉक कार इतक्या सपाट वळणावर दामटता येत नाही, चालकाला प्रत्येक वेळी वेग कमी करावा लागतो.

ओंटारिओच्या ट्रॅकचा आराखडा इंडियानापोलिसवरून घेतलेला होता. अडीच मैलांची लांबी, चार वळणे, नऊ अंशांचा कल, सगळे तसेच. वळणांची रुंदी तेवढी थोडी वाढवली होती. याचा अर्थ असा की हा ट्रॅक स्टॉक कारसाठी बांधलाच नव्हता. तो सगळ्यांसाठी बांधला होता आणि तिथेच त्याच्या मोठेपणाचे व अडचणीचेही मूळ होते.

द्राक्षमळ्यांच्या मुलखात

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ६० किलोमीटरवर असलेला हा परिसर तेव्हा द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध होता. जमीन स्वस्त होती, शेजारून महामार्ग जात होता, विमानतळ जवळ होता आणि तासाभराच्या अंतरावर अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची महानगरी पसरलेली होती. अशा ठिकाणी सुमारे ८०० एकरांवर २ कोटी ५५ लाख डॉलर उभे करून हा ट्रॅक बांधण्यात आला.

त्या काळी मोटर शर्यतीचा ट्रॅक म्हणजे लाकडी बाके, धूळ आणि कमी पडणारी स्वच्छतागृहे असेच चित्र बहुतेक ठिकाणी होते. ओंटारिओत श्रीमंत प्रेक्षकांसाठी खासगी क्लब व स्वतंत्र कक्ष होते आणि गाड्यांची वेळ व क्रमवारी नोंदवण्यासाठी संगणक बसवला होता. शर्यतीच्या जगात ही गोष्ट अपूर्व होती. लंबगोलाच्या आतल्या भागात नागमोडी वळणांचा रस्ताही तयार केला होता, जेणेकरून फॉर्म्युला वनच्या गाड्या धावू शकतील, आणि सरळ रेषेत पाव मैल सुसाट पळणाऱ्या ड्रॅग गाड्यांचीही सोय होती. उघड्या चाकांच्या गाड्या, स्टॉक कार, फॉर्म्युला वन आणि ड्रॅग असे चारही प्रकार एकाच आवारात व्हावेत, ही महत्त्वाकांक्षा होती आणि ती प्रत्यक्षात उतरलीही.

पैसा आला कुठून?

इथे पहिली किचकट संज्ञा येते. शहराला किंवा शहराने उभ्या केलेल्या ना-नफा संस्थेला मोठे बांधकाम करायचे असते तेव्हा ती लोकांकडून कर्ज घेते आणि त्याबदल्यात एक कागद देते, की तुमच्या पैशावर दरवर्षी इतके व्याज देऊ आणि अमुक वर्षांनी मुद्दल परत करू. या कागदाला कर्जरोखा म्हणतात. अमेरिकेत नगरपालिकांच्या अशा रोख्यांवरील व्याजाला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही, म्हणून गुंतवणूकदार थोड्या कमी व्याजावरही ते घेतात आणि प्रकल्पाला पैसा स्वस्तात मिळतो.

पण हे रोखे दोन जातींचे असतात. एका जातीत परतफेडीची हमी शहराची असते, म्हणजे वेळ आली तर करदात्यांच्या पैशातून कर्ज फेडले जाते. दुसऱ्या जातीत परतफेड फक्त त्या प्रकल्पाच्या उत्पन्नातून व्हायची असते. प्रकल्प बुडाला तर शहराचा खजिना सुरक्षित राहतो, मात्र रोखेधारकांचा हक्क प्रकल्पाच्या मालमत्तेवर येतो. ओंटारिओचे रोखे या दुसऱ्या जातीचे होते. नागरिकांच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची होती, यात शंका नाही. परंतु तिच्यातून एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरून गेली होती. ट्रॅकचे खरे भवितव्य शर्यतीचे आयोजक, चालक किंवा प्रेक्षक यांच्या हाती नसून ज्याच्याकडे ते रोखे असतील त्याच्या हाती होते.

पहिले वर्ष

१९७० च्या ६ सप्टेंबरला पहिली ‘कॅलिफोर्निया ५००’ झाली. उघड्या चाकांच्या गाड्यांची ही पाचशे मैलांची शर्यत जिम मॅकएलरीथ यांनी जिंकली आणि ती पाहायला सुमारे पावणेदोन लाख लोक आले. इंडियानापोलिसचा अपवाद सोडला तर अमेरिकेत मोटर शर्यतीला एवढा समुदाय एका दिवशी जमत नसे. पुढे १९७१ पासून इंडियानापोलिस, पेनसिल्व्हेनियातील पोकोनो आणि ओंटारिओ या तीन पाचशे मैली शर्यती मिळून एक मानाचे त्रिकूट मानले जाऊ लागले.

स्टॉक कारची पाळी १९७१ च्या फेब्रुवारीअखेर आली. इंडियानापोलिसच्या धर्तीवर एका रांगेत तीन अशा एकूण ५१ गाड्या सुटल्या, आणि ए. जे. फॉइट जिंकले. स्वतः उघड्या चाकांच्या शर्यतींचा बादशहा असलेल्या या चालकाने पुढच्या वर्षीही इथली स्टॉक कार शर्यत जिंकली. सपाट वळणांवर गाडी कशी हाताळायची हे त्यांच्या हातात मुरलेले होते, हे कारण त्यामागे असावे असे मला वाटते. १९७१ च्या त्याच फेब्रुवारीत मोटारसायकलवरून अचाट उड्या मारणारा ईव्हल निव्हल इथे एका ओळीत उभ्या केलेल्या १९ मोटारींवरून उडी मारून गेला. मार्चमध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्याही आल्या. अजिंक्यपदात न मोजली जाणारी ‘क्वेस्टर ग्रां प्री’ मारिओ आंद्रेत्ती यांनी फेरारीतून जिंकली. एका वर्षाच्या आत एका ट्रॅकने हे सगळे पाहिले.

मग अडचण कुठे होती?

अडचण वर्षातल्या उरलेल्या दिवसांची होती. समजा एखाद्याने मोठे कर्ज काढून गावाबाहेर दोन हजार माणसांचे वातानुकूलित मंगल कार्यालय बांधले. लग्नाच्या तिथीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पाहणाऱ्याला वाटते की मालक पैशात लोळत असणार. पण मुहूर्त वर्षातून मोजकेच असतात आणि बँकेचा हप्ता चातुर्मासातही चुकत नाही. ओंटारिओची अवस्था नेमकी अशी होती. मोठ्या शर्यतीचे मुहूर्त वर्षाला दोन-तीन, आणि त्या दिवशी जमणाऱ्या गर्दीसाठी बांधलेल्या विराट जागेचा खर्च मात्र बारमाही.

हिशेब करून पाहू. २ कोटी ५५ लाख डॉलरांवर उदाहरणादाखल ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला सुमारे १८ लाख डॉलर केवळ व्याजाचे होतात. मुद्दल त्यात नाही. चालकांची बक्षिसे, विमा, देखभाल, सुरक्षा, जाहिरात हे सारे त्यावर. तिकीट दहा डॉलरांचे धरले, तरी दरवर्षी १ लाख ८० हजार तिकिटांचा संपूर्ण गल्ला व्याजातच जातो. म्हणजे पहिल्या दिवशी जी विक्रमी गर्दी झाली, तशी दरवर्षी झाली असती तरी तिचा उपयोग फक्त व्याज फेडण्यापुरता होता. आणि तशी गर्दी पुन्हा कधी जमली नाही.

आयोजकांनी हातपाय हलवले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९७४ च्या ६ एप्रिलला ट्रॅकच्या आवारात ‘कॅलिफोर्निया जॅम’ हा रॉक संगीताचा महोत्सव झाला, त्यात डीप पर्पल आणि इमर्सन, लेक अँड पामर यांच्यासारखे वाद्यवृंद वाजले आणि सुमारे दोन लाख लोक आले. चार वर्षांनी त्याची दुसरी आवृत्ती झाली. ड्रॅग शर्यतींचे मोठे सामने दरवर्षी होत. १९७५ मध्ये डॉन गार्लिट्स यांनी इथे पाव मैल ५.६३ सेकंदांत कापून ताशी २५० मैलांचा टप्पा ओलांडला आणि तो विक्रम अनेक वर्षे कुणाला मोडता आला नाही. तरीही संगीताचा महोत्सव काही दर महिन्याला होत नाही. जागा एवढी मोठी होती की तिला लहान कार्यक्रम पेलत नसत आणि मोठे कार्यक्रम पुरेसे मिळत नसत.

‘शेजारच्या ट्रॅकने गिऱ्हाईक पळवले असेल’

हा आक्षेप वाजवी आहे. ओंटारिओच्या आग्नेयेला थोड्याच अंतरावर रिव्हरसाइडचा रस्तावजा ट्रॅक १९५७ पासून चालू होता. ओंटारिओच्या अखेरच्या वर्षांत नॅस्कारचा हंगाम जानेवारीत रिव्हरसाइडला सुरू होई, मधे जूनमध्ये तिथेच आणखी एक शर्यत होई आणि नोव्हेंबरात ओंटारिओला हंगाम संपे. एकाच पंचक्रोशीत वर्षाला तीन मोठ्या स्टॉक कार शर्यती, आणि तीही अशा प्रदेशात जिथे हा खेळ घराघरांत मुरलेला नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या माणसाला रविवारी समुद्रकिनारा, बेसबॉल, डिस्नीलँड असे पर्याय होते. उत्तर कॅरोलिनाच्या खेड्यातल्या प्रेक्षकाला स्टॉक कारची शर्यत म्हणजे जत्राच.

तरीही केवळ स्पर्धेमुळे ओंटारिओ बंद पडला असे मानले, तर रिव्हरसाइडची भरभराट व्हायला हवी होती. तसे झाले नाही. रिव्हरसाइडचा ट्रॅक १९८९ मध्ये बंद झाला आणि त्या जागी मोरेनो व्हॅलीचा मॉल उभा राहिला. दोन्ही स्पर्धक एकाच रोगाने गेले आणि तो रोग म्हणजे जमिनीचा भाव.

तिथे घडलेला इतिहास

मरणाच्या कारणाकडे वळण्याआधी थोडे थांबायला हवे, कारण या ट्रॅकबद्दल लिहिणारे बहुधा कर्जाच्या आकड्यांत इतके रमतात की तिथल्या शर्यती विसरतात. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या इथे एकूण नऊ शर्यती झाल्या. दोन १९७१ व १९७२ मध्ये, आणि सात १९७४ ते १९८० या काळात ‘लॉस एंजेलिस टाइम्स ५००’ या नावाने. बॉबी अ‍ॅलिसन, बडी बेकर, डेव्हिड पिअरसन, नील बॉनेट, बेनी पार्सन्स ही विजेत्यांची यादी म्हणजे त्या दशकातील स्टॉक कारचा जवळजवळ संपूर्ण परिचय आहे.

या सात शर्यती हंगामाच्या शेवटी होत असल्याने अजिंक्यपदाचा निकाल इथेच लागण्याची शक्यता असे. १९७९ मध्ये डॅरेल वॉल्ट्रिप अवघ्या दोन गुणांनी पुढे असताना सगळे ओंटारिओला पोहोचले, आणि शर्यत संपली तेव्हा रिचर्ड पेटी ११ गुणांनी अजिंक्य ठरले होते. स्टॉक कारच्या इतिहासात ज्यांना सरळ ‘राजा’ म्हणतात त्या पेटींचे ते सातवे आणि शेवटचे अजिंक्यपद. पुढच्याच वर्षी, १९८० च्या १५ नोव्हेंबरला, डेल अर्नहार्ट नावाच्या दुसऱ्याच हंगामातील चालकाने केल यारबरो यांना १९ गुणांनी मागे टाकून पहिले अजिंक्यपद मिळवले. पुढे अर्नहार्टनेही सात अजिंक्यपदे जिंकून पेटींची बरोबरी केली. एका सातवेळच्या विजेत्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ लागोपाठच्या दोन वर्षी एकाच ट्रॅकवर व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. दोन्ही वर्षी शर्यत मात्र बेनी पार्सन्स यांनी जिंकली, याची आठवण फार कमी लोक ठेवतात. १९८० ची ती शर्यत ओंटारिओच्या ट्रॅकवरील स्टॉक कारची अखेरची शर्यत ठरली.

१९८० साली नेमके काय झाले?

सत्तरच्या दशकात अमेरिकेत महागाई भडकली होती. १९८० मध्ये तिचा दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होता. ती आटोक्यात आणण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढू दिले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात बँका आपल्या उत्तमोत्तम ग्राहकांनाही साडेएकवीस टक्क्यांनी कर्ज देत होत्या.

व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची बाजारातील किंमत पडते. ज्या रोख्यावर शंभर डॉलरांमागे वर्षाला सात डॉलर मिळतात तो रोखा, बाजारात इतरत्र चौदा टक्के मिळत असताना, शंभराला कोण घेईल? घेणारा म्हणेल की मला माझ्या पैशावर चौदा टक्के सुटले पाहिजेत, म्हणजे या रोख्याचे मी साधारण पन्नास देईन. त्यात तो रोखा अडचणीत असलेल्या ट्रॅकचा असेल, तर पन्नासही मिळायचे नाहीत.

दुसरीकडे नेमके उलटे घडत होते. लॉस एंजेलिस पूर्वेकडे वाढत वाढत द्राक्षमळ्यांपर्यंत आले होते. ट्रॅक बांधला गेला तेव्हा या भागात एकरी सरासरी साडेसात हजार डॉलर असलेला भाव दहा वर्षांत दीड लाखापर्यंत गेला, असे आकडे या व्यवहाराबद्दल नेहमी दिले जातात. दीड लाखाचा भाव बहुधा मोक्याच्या लहान भूखंडांचा असणार, आठशे एकर एकदम विकायला काढले तर तो मिळाला नसता, असे माझे मत आहे. पण त्याच्या निम्मा, चौथा हिस्सा धरला तरी गणित बदलत नाही. कागदावरचे कर्ज स्वस्त होत होते आणि त्या कर्जाला तारण असलेली जमीन महाग होत होती.

हे ज्याच्या लक्षात आले ती होती शेव्हरॉन लँड कंपनी, तेलउद्योगातील स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया (पुढची शेव्हरॉन) या बलाढ्य कंपनीची जमीनजुमला पाहणारी शाखा. तिने रोखे मिळवले आणि रोख्यांच्या वाटेने जमिनीवर हक्क मिळवला. सगळा व्यवहार सुमारे १ कोटी डॉलरांत झाला. म्हणजे २ कोटी ५५ लाखांचे कर्ज शंभरामागे चाळीसच्या आसपास पडले आणि जमीन एकरी सुमारे साडेबारा हजारांना. ट्रॅक पाडायला आणखी ३० लाख डॉलर खर्च आला असे सांगतात. तो मिळवला तरी एकरी खर्च सोळा-सतरा हजारांच्या पुढे जात नाही. तसाच ट्रॅक त्या वेळी नव्याने उभारायला दहा कोटी डॉलर लागले असते असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला होता. नव्या मालकाला मात्र त्या बांधकामाची किंमत उणे ३० लाख होती, कारण त्याच्या लेखी तो जमिनीवरचा राडारोडा होता.

गिरणगावातील गिरण्या बंद का पडल्या आणि त्यांच्या जमिनींचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्या मुंबईकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

‘मग कंपनीने कट करून ट्रॅक मारला, असेच ना?’

शर्यतशौकिनांमध्ये ही भावना आजही आढळते. ती समजण्यासारखी आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाही. रोखे विकणारे लोकही होतेच. दहा वर्षे जिथून धड परतावा मिळाला नाही त्या गुंतवणुकीतून हाती लागेल ते घेऊन बाहेर पडणे त्यांना भाग वाटले, आणि साडेएकवीस टक्क्यांच्या जगात ते मूर्खपणाचेही नव्हते. शर्यतीच्या वर्तुळातील कुणी ते रोखे का घेतले नाहीत, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. त्याचे उत्तरही व्याजदरातच आहे. ट्रॅक चालवण्यासाठी तो घेणाऱ्याला महागडे कर्ज काढून, पुन्हा वर्षाच्या दोन-तीन शर्यतींतून ते फेडायचे होते. जमिनीसाठी घेणाऱ्याला मात्र काहीच चालवायचे नव्हते, त्याला फक्त थांबायचे होते. त्याने थांबूनही दाखवले. ट्रॅक पाडल्यावर त्या जागेचा बराच मोठा भाग अनेक वर्षे रिकामाच होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे एक हॉटेल आले, मग हळूहळू कार्यालये, दुकाने आणि घरे आली, आणि २००८ मध्ये एक मोठे बंदिस्त क्रीडागृह उभे राहिले. त्या भागातील काही रस्त्यांना फेरारी, ड्युसेनबर्ग अशी मोटारींची नावे दिलेली आहेत.

शहराने ट्रॅक वाचवायला हवा होता, असेही म्हटले जाते. पण रोखे कोणत्या जातीचे होते ते आठवावे. शहराने हमी दिलेलीच नव्हती, म्हणून शहरावर बोजा आला नाही, आणि त्याच कारणाने शहराला बोलण्याचा अधिकारही फारसा उरला नाही. ट्रॅक वाचवायचा तर करदात्यांच्या पैशातून रोखे विकत घ्यावे लागले असते. ज्या शहराला त्या जागी कर भरणारी हॉटेले आणि कार्यालये दिसत होती, त्याने असे का करावे?

फाँटाना आणि नोएडा

ओंटारिओ गेल्यावर सतरा वर्षांनी शर्यतींच्या एका नामांकित संघाचे मालक रॉजर पेन्स्की यांनी फाँटानाला नवा ट्रॅक बांधला. त्यांनी निवडलेली जागा होती कायझर स्टीलच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची, म्हणजे जिच्याकडे घरे बांधणारे तेव्हा फिरकत नव्हते अशी. १९९७ च्या जूनमध्ये जेफ गॉर्डनने तिथली पहिली शर्यत जिंकली. २००४ पासून काही वर्षे नॅस्कारने तिथे वर्षाला दोन शर्यती ठेवून पाहिल्या, गर्दी विभागली गेली, आणि २०११ पासून पुन्हा एकच शर्यत उरली. हा ट्रॅक पंचवीसहून अधिक वर्षे टिकला, कारण त्याची जमीन तेवढी वर्षे कुणाला नको होती. मग लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांतून येणारा माल साठवण्यासाठी हा सगळा परिसर गोदामांचा झाला. या वेळी जमीन विकणारी दुसरीतिसरी कुणी नसून, पुढे या ट्रॅकची मालक झालेली खुद्द नॅस्कार होती. ओंटारिओच्या वेळी खेळाबाहेरच्या कंपनीने जो हिशेब केला, तोच चाळीस वर्षांनी खेळाच्या मालकांनी स्वतः केला.

जे ट्रॅक टिकले त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. इंडियानापोलिसचा ट्रॅक टोनी हलमन यांनी १९४५ मध्ये साडेसात लाख डॉलरांना घेतला आणि तो त्यांच्या कुटुंबाकडे २०२० च्या आरंभापर्यंत राहिला. डेटोनाची जमीन सार्वजनिक संस्थेकडून दीर्घ भाड्याने घेतलेली. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलचा १९४७ पासूनचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा आणि लहान गावातला. या तिन्ही ठिकाणी जमिनीच्या वाढत्या भावाला कर्जाच्या दारातून आत शिरता आले नाही.

आपल्याकडच्या, ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट या ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला, आणि मग करांच्या वादात ती थांबली. २०२३ मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी तिथे एकदा झाली. ट्रॅक उत्तम आहे याबद्दल चालकांचे दुमत नव्हते. पण तो ज्या जेपी समूहाने बांधला त्याच्या मुख्य कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला आणि २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. त्यामुळे तिथे फॉर्म्युला वन पुन्हा येणार का, अशी चर्चा जेव्हा जेव्हा निघते तेव्हा शर्यतींच्या वेळापत्रकाइतकेच लक्ष दोन गोष्टींकडे द्यावे लागते. ट्रॅकची जमीन शेवटी कुणाच्या नावावर राहते, आणि यमुना द्रुतगती मार्गालगतच्या त्या पट्ट्यात एकराचा भाव काय चालला आहे.